गणपतीत तीस माणसं आली आणि टाकीचा पीएच पडला (रीफ टँक, अल्कता, चुना वगैरे)

खारेवारे · रविवार, रात्री ११:४०

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी न्यू जर्सीत राहतो. हॉलमध्ये ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८४ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तिला सव्वादोन वर्षं झाली. दोन क्लाउनफिश, एक पिवळा टँग, एक गोबी. आधी सगळी मऊ कोरल होती. गेल्या वर्षापासून कडक कोरलचा नाद लागला : हॅमर, बर्ड्सनेस्ट, माँटिपोरा आणि अ‍ॅक्रोपोराचे दोन तुकडे.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. आठ दिवसांपूर्वीच्या शनिवारी संध्याकाळी आरतीला मोजून तीस डोकी. बाहेर दमट उकाडा, म्हणून एसी चालू आणि खिडक्या घट्ट बंद. समई, धूप, कापूर, आणि 'घालीन लोटांगण'ला तीस जणांचा एकदम श्वास. टाकीला पीएचचा प्रोब आहे, त्याचा आलेख फोनवर दिसतो. दुपारी चारला ८.१४ होता. रात्री दहाला ७.८१. पाहुणे गेले तरी उतरतच राहिला, पहाटे साडेपाचला ७.७२.

मी घाबरलो. दुकानातून आणलेली बफर पावडर होती, तिच्यावर 'पीएच ८.३ ला स्थिर ठेवते' असं छापलेलं. दोन सपाट चमचे टाकले. अर्ध्या तासात आकडा जरा वर गेला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ७.७५. पुन्हा दोन चमचे. तिसऱ्या दिवशीही. शेवटी अल्कलिनिटी मोजली तर ८.४ ची १२.१ डीकेएच झाली होती! आज बर्ड्सनेस्टची टोकं पांढरी पडली आहेत, अगदी टाचणीच्या डोक्याएवढी, पण प्रत्येक फांदीला. अ‍ॅक्रोपोराचंही तेच.

आजचे आकडे : क्षारता ३५, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १२९०, नायट्रेट शून्याच्या आसपास, फॉस्फेट ०.०१. तापमान २५.८.

पीएच वर कसा आणू?

---

टवाळ · रविवार, रात्री ११:५२

पुढच्या वर्षी आरती म्हणताना फक्त श्वास आत घ्यायचा. सोडायचा विसर्जनानंतर.

---

मंजिरी_मेल्बर्न · सोमवार, पहाटे ५:१०

आधी एक करा : काहीही करू नका. बफरचा डबा कपाटात वरच्या फळीवर ठेवा, हात पोचणार नाही असा. अल्कलिनिटी खाली आणायला व्हिनेगर किंवा आम्ल वगैरे अजिबात नको. कोरल स्वतःच ती वापरतात, आपोआप उतरेल. वर नेताना केलेली घाई खाली आणताना करू नका, कोरलला दोन्हीकडून फटका बसतो.

तुमच्या आकड्यांत मला पीएचपेक्षा जास्त खुपतंय ते नायट्रेट शून्य, फॉस्फेट ०.०१ आणि अल्कलिनिटी १२. पाण्यात खायला काही नाही आणि वर अल्कलिनिटी चढलेली, अशा टाकीत टोकं जळतात हे मी दोनदा स्वतः भोगलंय. सांगाडा भराभर वाढायला बघतो आणि वरची कातडी मागे पडते, असं याचं स्पष्टीकरण देतात. फॉस्फेट काढणारं लोहयुक्त माध्यम लावलंय का? असेल तर बंद करा. माशांना दोन वेळा खायला घाला.

आणि तीन प्रश्न :
१. पीएचचा प्रोब शेवटचा कधी जुळवलात?
२. क्षारता कशाने मोजता? रिफ्रॅक्टोमीटर असेल तर तो कशाने शून्य करता?
३. बफर टाकायच्या आधी रोज अल्कलिनिटी किती खर्च होत होती?

---

निवळशंख · सोमवार, सकाळी ९:२५

मी मासे पाळत नाही. ठाण्यात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, त्यामुळे शीर्षक वाचून आत आलो. रसायनाबद्दल बोलतो, माशांचं तुम्ही जाणकार सांगा.

पहिली गोष्ट शब्दांची. शाळेच्या भूगोलात 'सागरजलाची क्षारता' म्हणजे पाण्यातलं मीठ. आता काही लोक अल्कलिनिटीलाही क्षारता म्हणतात आणि मग घोळ होतो. या धाग्यापुरतं मीठ म्हणजे क्षारता आणि अल्कलिनिटी म्हणजे अल्कता, असं धरून चालू या. पीएचला आपल्या पुस्तकांत सामू म्हणतात, पण सामू म्हटलं की मला माती परीक्षणच आठवतं, तेव्हा पीएच राहू दे.

अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. समुद्राच्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेटची असते. पीएच दोन गोष्टींवर ठरतो : ही अल्कता किती आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड किती. आता गंमत बघा. अल्कता तेवढीच ठेवून कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर पीएच पाव ते ०.३ नी पडतो. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या थोडा वर असतो. बंद खोलीत माणसं भरली की हजार सहज ओलांडतो. म्हणजे तुमच्या आरतीने पीएच ०.४ नी खाली ओढला यात नवल काही नाही.

उलट बाजूने, तुम्ही अल्कता ८.४ वरून १२.१ केलीत, म्हणजे जवळजवळ दीडपट. त्याने पीएच किती वाढला असेल? जेमतेम ०.१६. हवेने घेतलेले चार तुम्ही पावडरीने भरून काढायला गेलात आणि दीड मिळवले, तेही कोरलची टोकं जाळून. प्रश्न पाण्यात नव्हता, हॉलमध्ये होता.

खात्री करायची तर सोपी चाचणी आहे. टाकीतलं पाणी भांड्यात घ्या, अंगणात नेऊन तासभर हवेचे बुडबुडे सोडा. पीएच वर गेला तर घरातली हवा दोषी. जागचा हलला नाही तर अल्कता कमी आहे असं समजा (तुमच्याकडे ती शक्यता नाहीच).

---

पेठेतला_पापलेट · सोमवार, सकाळी १०:०२

निवळशंख काका, दंडवत. दोन वर्षं मराठीत हे कोणी असं सांगितलं नव्हतं राव. वाचनखूण साठवली.

माझी टाकी पुण्यात, १२० लिटर, फक्त मऊ प्रकार : झोअँथिड, मशरूम, एक लेदर. आपल्याकडे कडक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मालवणला स्नॉर्केलिंगला गेलेल्या आमच्या एका मित्राने 'एक छोटा तुकडा आणू का' म्हणून फोन केला होता, त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

मऊ कोरल अल्कता फारशी खात नाहीत, त्यामुळे दहा दिवसांनी एकदा पाणी बदललं की माझं भागतं. पण एक खड्डा सांगून ठेवतो, भारतातल्यांनी वाचा. मी आठ महिने स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरत होतो. आरओ म्हटलं की शुद्ध, असं डोक्यात. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनला टीडीएसचा (विरघळलेल्या क्षारांचा) खटका असतो, चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा. मीटर लावला तर ७०! रोज तीन लिटर वाफ होऊन जायची आणि तीन लिटर मी वरून ओतायचो. वाफ शुद्ध जाते, क्षार मागे राहतात. आठ महिन्यांचा हिशोब केला, पन्नास ग्रॅम अनोळखी क्षार टाकीत. दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ आलं होतं, काढून काढून बोटं सुजली. आता तो खटका नसलेलं आरओ आणि पुढे उरलेले क्षार पकडणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं. मीटर शून्य दाखवतो. रेझिनचा रंग तळापासून बदलत वर चढतो, पाऊण नळकांडं बदललं की नवीन भरतो. बोअरवेलचं किंवा मे महिन्यात टँकरचं पाणी असेल तर ते महिन्यातच संपतं, नगरपालिकेच्या पाण्यावर बरेच महिने चालतं.

---

कुंदा_के · सोमवार, दुपारी २:१५

नवखी आहे, हसू नका. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला 'निमो' हवाय. सगळा धागा वाचून घाम फुटला. डीकेएच म्हणजे काय? एवढं सगळं रोज मोजावं लागतं? आणि अल्कता वाढवायची पावडर म्हणजे आपला खायचा सोडाच ना?

---

मंजिरी_मेल्बर्न · सोमवार, दुपारी ४:४०

कुंदाताई, हसत नाही. डीकेएच हे अल्कतेचं जुनं जर्मन एकक आहे, लिटर-ग्रॅमसारखंच समजा. समुद्रात ती सात असते, आम्ही टाकीत सात ते दहामध्ये कुठेतरी एक आकडा धरतो आणि त्यालाच चिकटतो. कुठला आकडा धरला याला फार महत्त्व नाही, तो हलू न देणं हे खरं काम.

नुसते मासे ठेवायचे असतील तर यातलं नव्वद टक्के विसरा. क्षारता, तापमान, अमोनिया, नायट्रेट, बस. कोरल आणलं की मग अल्कता, कॅल्शियम, मॅग्नेशियमची मोजामोज सुरू होते. फक्त टाकी फार लहान घेऊ नका. वीस लिटरच्या टाकीत मे महिन्यात एका दिवसात लिटरभर पाणी उडतं आणि क्षारता ३५ ची ३७ होते. शंभर लिटरला तेवढ्याने काही होत नाही. लहान म्हणजे सोपी, हा समज दुकानदारांना सोयीचा आहे.

आणि वरून घालायचं ते नेहमी गोडं पाणी. मीठ उडत नाही. ही चूक प्रत्येक नवीन माणूस एकदा करतो.

---

निवळशंख · सोमवार, सायंकाळी ६:३०

कुंदाताई, हो. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तेच. पण बेकिंग पावडर अजिबात नाही. तिच्यात सोड्याबरोबर आम्लधर्मी क्षार असतात, बहुधा फॉस्फेटचे. केक फुगतो तो त्यानेच. टाकीत गेली तर अल्कता वाढणार नाहीच, फॉस्फेट मात्र मिळेल.

हिशोब देतो. एका लिटरची अल्कता एक डीकेएचने वाढवायला ३० मिलिग्रॅम खायचा सोडा लागतो. खारेवारे, तुमची टाकी २८४ लिटरची, पण दगड-वाळू वजा करा. पाणी २४० लिटर धरू. म्हणजे एका डीकेएचला ७.२ ग्रॅम. चमच्याने मोजू नका, काटा घ्या. सपाट चमचा कोणाचा पाच ग्रॅमचा असतो, कोणाचा सातचा.

सोडा तव्यावर किंवा ओव्हनमध्ये तासभर चांगला तापवला तर त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून सोडियम कार्बोनेट उरतं. शंभर ग्रॅमचे त्रेसष्ट होतात. ते २४० लिटरला एका डीकेएचसाठी साडेचार ग्रॅम पुरेल. फरक असा की कच्चा सोडा पीएच किंचित खाली नेतो, भाजलेला वर. अल्कता दोन्ही सारखीच देतात.

---

खारेवारे · सोमवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. कामावरून आल्या आल्या डेकवर भांडं ठेवून एअरपंप लावला. बायको म्हणाली, "आता पाण्याला फिरायला नेतोयस?" टाकीत पीएच ७.९१, डेकवर एका तासाने ८.३३. म्हणजे दोषी हॉलच. काका, मान गए.

मंजिरी, तुमच्या प्रश्नांची लाजिरवाणी उत्तरं :
१. प्रोब चौदा महिन्यांत एकदाही जुळवला नव्हता. आज ७ आणि १० च्या द्रावणात बुडवून जुळवला, ०.०७ नी कमी दाखवत होता.
२. रिफ्रॅक्टोमीटर. आरओच्या पाण्याने शून्य करत होतो. आज ३५ चं प्रमाणद्रावण टाकून पाहिलं तर ३३ दाखवतोय. म्हणजे मी ज्याला ३५ म्हणत होतो ते ३७ होतं!
३. माहीत नाही. दर आठवड्याला पाणी बदलतो आणि देवाचं नाव घेतो.

लोहाचं माध्यम काढलं. माशांना आज दुसऱ्यांदा खायला मिळालं, टँग पाहुण्यासारखा बावरला होता.

---

मंजिरी_मेल्बर्न · मंगळवार, पहाटे ४:५५

रिफ्रॅक्टोमीटरचं हे फार लोकांचं होतं. शून्यापाशी बरोबर असलेला काटा पस्तिसापाशी बरोबर असेलच असं नाही. आपल्याला पस्तीस मोजायचंय तर पस्तिसानेच जुळवायचा. सगळी मापं त्या प्रमाणात फुगलेली असतात : ३७ क्षारतेला कॅल्शियम ४३०, म्हणजे ३५ ला ते साधारण ४०७. घाई नको, रोज दोन-तीन लिटर खारं पाणी काढून तेवढं आरओ घाला, आठवडाभरात ३५ होऊ दे.

अल्कता साडेआठपर्यंत उतरली की तिथून खर्च मोजा. पाणी न बदलता, काही न घालता, एका दिवशी मोजायचं आणि तीन दिवसांनी त्याच वेळी. फरक भागिले तीन. वेळ तीच ठेवा, दिवे लागलेले असताना कोरल जास्त खातात.

तीन दिवस रोज कॅल्शियम मोजत बसू नका. एक डीकेएच खर्च होतो तेव्हा कॅल्शियम फक्त सात पीपीएमने घटतं, आणि कॅल्शियमच्या किटची चूकच दहा-वीसची असते. कॅल्शियम पंधरा दिवसांनी, मॅग्नेशियम महिन्याने. मॅग्नेशियमचं काम एवढंच की पाण्यातला चुना आपला आपण दगड होऊन बसू नये. ते १२०० च्या खाली गेलं की तुम्ही कितीही घाला, हीटरवर आणि पंपावर पांढरी पुटं चढतात आणि कोरलच्या वाट्याला काही येत नाही. १२५० ते १३५० मध्ये असेल तर त्याच्याकडे बघायचं कारण नाही.

---

वाळूतला_मासा · मंगळवार, सकाळी ८:२०

दुबईहून. इथे मे ते सप्टेंबर खिडकी उघडायची सोय नाही, त्यामुळे पीएचचं हे दुखणं आम्हाला वर्षातले पाच महिने. स्किमरची (हवेच्या बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारं यंत्र) हवेची नळी खिडकीबाहेर काढून पाहिली, पण बाहेरची हवा ४२ अंशांची आणि ओली, नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो. शेवटी स्किमरच्या हवेच्या वाटेवर सोडालाइमचा डबा लावला. पांढऱ्या गोळ्या कार्बन डायऑक्साइड शोषून जांभळ्या होतात. सगळ्या झाल्या की बदला. पीएच ०.२ ने वर राहतो, पण गोळ्यांना खर्च आहे.

दुसरा मार्ग चुन्याचा. वाफेची भरपाई करायला साध्या पाण्याऐवजी चुन्याची निवळी. कॅल्शियमही मिळतं, अल्कताही, दोन्ही हव्या त्या प्रमाणात, आणि चुना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड गिळतो म्हणून पीएचही चढतो. मला हा सगळ्यात आवडतो.

पण एक रात्र सांगतो. पाण्याची पातळी बघून पंप चालू-बंद करणारा तरंगता खटका असतो ना, त्याच्यावर एक गोगलगाय चढून बसली. खटका खाली दबलेला, पंपाला वाटलं पाणी कमी आहे. वीस लिटर निवळी रात्रीत टाकीत. सकाळी हॉलमध्ये आलो तर टाकी दुधासारखी पांढरी, आतला दिवा नुसता धूसर. पीएच ९.१. खिडक्या उघडल्या, बाहेर पहाटेचे ३४ अंश, तरी उघडल्या. पाणी बदललं, सोडावॉटरची बाटली थोडी थोडी ओतली पीएच उतरवायला. दोन मासे गेले. गोगलगाय जिवंत.

तेव्हापासून निवळीचा डबा दोन लिटरचाच ठेवतो. खटका अडकला तरी सगळं मिळून दोन लिटरच जाईल.

---

टवाळ · मंगळवार, सकाळी ८:४१

गोगलगाईने चुना लावला.

---

कुंदा_के · मंगळवार, सकाळी ११:००

चुना म्हणजे पानाचा? माझ्या सासूबाईंच्या डबीतला?

---

निवळशंख · मंगळवार, दुपारी १:१०

रसायन तेच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पण पानाच्या चुन्यात आणखी काय मिसळलंय ते कोणी सांगत नाही. खाद्य दर्जाचा कोरडा चुना घ्यायचा. अमेरिकेत लोणच्याची काकडी कडक राहायला वापरतात तो मिळतो. आपल्याकडे पेठ्याचा कोहळा ज्यात भिजवतात, तीच जात. हाताळताना हातमोजे, चष्मा, आणि पूड नाकात जाऊ देऊ नका. भरलेल्या निवळीचा पीएच १२.४ असतो, म्हणून ती टाकीत एकदम नाही, थेंबाथेंबाने.

शाळेतला प्रयोग आठवा. निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते. तुमच्या टाकीत तेच होतं, पण सावकाश आणि कोरलच्या पोटात. निवळीचा डबा मात्र झाकून ठेवा, नाहीतर हवेतलाच कार्बन डायऑक्साइड तिच्यावर साय धरतो आणि तळाशी खडू बसतो. ती साय फोडू नका, तशीच राहू द्या, झाकणाचं काम करते.

लिटरभर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅमपेक्षा जास्त चुना विरघळत नाही. जास्तीचा तळाला बसतो. पंपाची नळी तळापासून चार बोटं वर ठेवा.

खारेवारे, तुमचा खर्च समजा रोज ०.४ डीकेएच निघाला, तर २४० लिटरला दिवसाला सव्वा ग्रॅम चुना लागेल. चार लिटर वाफ होत असेल तर चार लिटरमध्ये सव्वा ग्रॅम, म्हणजे अगदी पातळ निवळी झाली. रात्री सोडा. दिव्यांखाली कोरलमधलं शेवाळ कार्बन डायऑक्साइड वापरतं म्हणून दिवसा पीएच आपसूक चढतो, रात्री पडतो. पडत्या वेळी आधार द्यायचा.

---

पेठेतला_पापलेट · मंगळवार, दुपारी ३:३०

थोडं अवांतर. वाफेवरून आठवलं, पुण्यात उन्हाळ्यात टाकीवर साधा पंखा लावला की पाणी दोन-तीन अंश उतरतं, हवा कोरडी ना. मुंबईतल्या मावसभावाने माझं ऐकून पंखा लावला तर अर्धा अंशही उतरेना, शेवटी चिलर घ्यावा लागला. त्याने मला अजून माफ केलेलं नाही.

---

खारेवारे · साधारण चार आठवड्यांनी, शनिवार

धागा वर काढतोय, कारण हिशोब द्यायचा राहिला.

अल्कता १२.१ वरून ८.५ वर यायला सोळा दिवस लागले. पहिले पाच-सहा दिवस जवळजवळ हललीच नाही. बहुधा कोरल रुसून बसली होती. मग रोज साधारण एक तृतीयांश डीकेएच उतरायला लागली. क्षारता आता खरोखर ३५. नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५.

मग तीन दिवसांचा खर्च मोजला. सोमवारी रात्री नऊला ८.४, गुरुवारी रात्री नऊला ७.३. किटमधले थेंब टाकताना निळ्याचा पिवळा नक्की कुठल्या थेंबाला झाला यावरून घरात वाद. मुलगी म्हणे अकराव्याला, मी म्हणे बाराव्याला. (काका, बारावीच्या प्रॅक्टिकलला माझं असंच झालं होतं. परीक्षक मुलीच्याच बाजूचे होते.) शेवटी नळीमागे पांढरा कागद धरला आणि वाद मिटला : मुलगी बरोबर. दिवसाला ०.३७.

चुना दहा दिवसांपासून सुरू आहे, रोज १.२ ग्रॅम, रात्री दहा ते सकाळी सहा. डबा चार लिटरचा, वाळूतला मासा यांची गोगलगाय स्मरून. अल्कता पुन्हा वर आणल्यापासून ८.२ ते ८.४ च्या आतच. पहाटेचा पीएच ७.९ च्या खाली गेलेला नाही. हॉलची एक खिडकी रात्री दोन बोटं उघडी ठेवतो.

बर्ड्सनेस्टच्या टोकांवर पुन्हा गुलाबी कातडी चढलीय. अ‍ॅक्रोपोराचा एक तुकडा गेला. बुडापासून सोलत वर गेला, दोन रात्रींत. दुसरा आहे.

---

मंजिरी_मेल्बर्न · रविवार, पहाटे ५:३०

छान. कोरल वाढली की खर्च वाढेल, दर महिन्याला तो तीन दिवसांचा मोज पुन्हा करा. आणि मिठाचा ब्रँड बदललात तर आधी बादलीत कालवून त्याची अल्कता मोजा. काहींची सात असते, काहींची बारा. बारावालं मीठ आणि तुमची आठची टाकी, चाळीस लिटर बदललं की तीच कहाणी परत.

---

खारेवारे · दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी

काल फराळाला सतरा माणसं. खिडक्या बंद, बाहेर चार अंश. रात्री अकराला फोनवर आलेख पाहिला : ७.८४. अल्कता मोजली : ८.३. फोन खिशात ठेवला आणि चिवडा घेतला.

---

कुंदा_के · त्याच आठवड्यात

इथेच लिहिते. आम्ही ११० लिटरची घेतली. क्षारता ३५, प्रमाणद्रावणाने जुळवून. आरओचा खटका काढून घेतला, मीटर ४ दाखवतो, डीआयचं नळकांडं मागवलंय. दगड, वाळू आणि पाणी, तिसरा आठवडा, अमोनिया अजून शून्य नाही म्हणून मासा नाही. मुलगा रोज शाळेतून येतो आणि दप्तर न काढता रिकाम्या टाकीसमोर बसतो. काल दगडावर तपकिरी साय आली तर ओरडत स्वयंपाकघरात आला, "आई, काहीतरी उगवलंय!"

---

टवाळ · पाच मिनिटांनी

अभिनंदन. नाव काय ठेवलं?